डिकीतलं पाणी

काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला. नांदेडात सध्या दुपारी कुणाला फोनवर बोलावंसं वाटत नाही. कानाला लावलेला फोनसुद्धा तापतो. दुकानासमोरचं डांबर मऊ झालंय, समोरचा रसवंतीवाला बर्फ संपला म्हणून निवांत बसलाय, आणि टँकरचे टायर बदलायला येणारे ड्रायव्हर एकच विषय बोलतात, पाणी. तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, "नंदाताई, ती शर्यत परत भरवतायत. उदगीरला, त्याच मैदानावर. टायर कुठले घालू?"

मी हसले. फोन ठेवल्यावर दोनदा उठले, दोनदा बसले. पंख्याचं बटण उगाच फिरवून पाहिलं. मला त्या उन्हाळ्याची आठवण अशीच येते, स्वस्थ बसू देत नाही. इतकी वर्षं झाली, नांदेडात माझं स्वतःचं दुकान झालं, तरी आठवण आली की मी लातूरच्या दुकानात काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी असते आणि आत कधी जायला मिळेल याची वाट बघत असते.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी अप्पांनी टायरचं दुकान टाकलं. माझे वडील फार बोलणारे नव्हेत, पण ही गोष्ट ते रंगवून सांगायचे. जिल्हा झाला, साहेबलोक आले, त्यांच्या जीपा आल्या, जीपांना टायर लागले. "जिल्हा म्हंजे काय, तर चाकं," असं म्हणून ते कपाळावरचं भस्म सांभाळत घाम पुसायचे. त्यामुळे त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली तेव्हा आमच्याकडं सगळ्यात जास्त आनंद अप्पांना झाला. उदगीरबाहेर एक भलं मोठं मैदान सपाट करून, मुरूम टाकून, रोलर फिरवून ठेवलं होतं. नव्या जिल्ह्याची कचेरी तिथंच होणार असं लोक म्हणायचे. कचेरी काही होईना. मैदान मात्र तयार, कडक, मोकळं, कुणाची तरी वाट बघत पडलेलं.

तो उन्हाळा सगळ्यांनाच वाट बघायला लावणारा होता. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं. नळाला महिनामहिना पाणी नाही, घागरींच्या रांगा गल्लीच्या तोंडापासून हायवेपर्यंत. आमच्या दुकानात पंक्चर बघायचा पाण्याचा टब असतो, तो कोरडा पालथा घातला होता. ट्यूब कुठं फुटलीय हे गालाशी धरून हवेवर ओळखायचं. माझा गाल त्यात इतका तयार झाला होता की बारीकशी टाचणी गेलेली असली तरी कळायची. अप्पा म्हणायचे, "दुष्काळानं पोरगी शहाणी केली."

शहाणी केली, पण गादीवर बसवली नाही. दुकान पुढं कोण चालवणार हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारत नसे. मी होते, आणि माझा चुलत भाऊ मल्लू होता. मल्लू गोड माणूस. गिऱ्हाइकाशी दोन तास गप्पा मारील, चहा पाजील, आणि मग डाव्या चाकाच्या ऐवजी उजवं खोलील. मी गिऱ्हाइकाशी नीट बोलत नसे. मला कायम घाई. पण गाडी दारात वळताना स्टिअरिंग कुठं ओढतं ते मला चालण्यावरून दिसायचं. मी आठ वर्षं त्या दुकानात राबले होते. तरी सकाळी देवपूजा झाल्यावर गादीवर अप्पा बसायचे, आणि ते बाहेर गेले की मल्लू. मी उभी.

अशात डॉक्टरांची ती गाडी आली. डॉक्टर दातांचे. लातुरात राहायचे, दर गुरुवारी नांदेडला दवाखाना करायचे, सासरवाडी अर्धापूरची. गाडी दोन दारांची, बुटकी, लाल, मागच्या चाकांवर जोर असणारी. हैदराबादच्या कुणा मित्राकडून घेतलेली. आमच्या गल्लीत ती शिरली की पोरंसोरं सोडाच, म्हाताऱ्यासुद्धा दारात यायच्या. डॉक्टरांनी कागद दाखवला: उदगीरच्या मैदानात ऑटोक्रॉस. म्हणजे प्लास्टिकचे शंकू मांडून वाकडीतिकडी वाट करायची, एका वेळी एक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. शंकू पाडला की सेकंद वाढतात. रोजच्या रस्त्याचे टायर घालून येणाऱ्यांचा वेगळा गट. डॉक्टरांना त्या गटात उतरायचं होतं. चाळिशीचा माणूस, पण कागद लहान पोरासारखा दोन्ही हातांनी पुढं धरला होता.

अप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ही गाडी तू एकटीनं कर. टायर तूच निवड, स्प्रिंगा तूच घाल. म्या बोट लावणार न्हाई."

"आणि मग?"

"मग बघू."

मल्लूनं माझ्याकडं पाहिलं, मी मल्लूकडं. 'मग बघू' म्हणजे काय हे दोघांनाही कळलं होतं. निदान मला तसं वाटलं.

तेव्हापासून माझी झोप उडाली, जेवण उडालं. चपाती तोडता तोडता मी टायरचा विचार करायची. डॉक्टरांना रुंद, बसके, मऊ रबराचे टायर हवे होते. पुण्याहैदराबादची मंडळी तसेच घालतात म्हणे. ते फोनवर चित्रं दाखवायचे. मी म्हणाले, "डॉक्टर, ते टायर कशासाठी असतात? मैदानावर पाणी मारतात, मुरूम दाबून बसतो, धूळ उडत नाही, मऊ रबर धरून ठेवतं. बरोबर?"

"हो. कागदावर लिहिलंय ना, मैदानावर पाणी मारलेलं असेल."

"कुठलं पाणी?"

डॉक्टर कागद पुन्हा वाचू लागले.

"प्यायला रेल्वेनं येतंय. उदगीरची माणसं मैदानावर टँकर ओतू देतील होय? मुरूम सुटा राहणार. वर बोटभर भुगा. मऊ टायर त्याच्यावर साबणासारखा घसरणार." मी तर सरळ उलटं केलं. थोडा अरुंद टायर घेतला, कडा ताठ, नक्षी खोल, खड्डे नि खडी असलेल्या रस्त्यांसाठी काढलेला. दिसायला अगदीच गरीब. डॉक्टरांचा चेहरा पडला. मल्लू म्हणाला, "नंदे, ही गाडी हाय का टमटम?" अप्पांनी मान हलवली नाही की डोलावली नाही. पण मला खात्री होती. माझ्या बोटांना कोरडा मुरूम ठाऊक होता. त्या वर्षी सगळा जिल्हाच कोरडा मुरूम झाला होता.

टायरच्या बाबतीत मी बरोबर होते. हे आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना माझा जीव तेवढा लाजणार नाही.

खरी कटकट मागच्या बाजूची होती. गाडी मागून बसायची. गतिरोधकावर पोटाला घासायची, वळणात मागचं टोक आळसावून उशिरा यायचं. मी गाडी घेऊन रेणापूरच्या रस्त्यावर जायची. तिथं एक लांबलचक वळण आहे, कडेला बाभळी, तेव्हा वाळून काटेच उरलेले. त्या वळणात गाडी फिरवायची, परत यायची, शॉकअप घट्ट करायचे, परत जायचं. शेवटी मागच्या स्प्रिंगाच बदलल्या. सोलापूरहून जाड तारेच्या मागवल्या. त्या घातल्या आणि गाडी एकदम सरळ झाली. वळणात घातली की सांगितल्या जागी फिरायची, पुढं-मागं सारखी, तोल अगदी बेतलेला. मी रस्त्याच्या कडेला थांबून स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि चक्क रडले. आठ वर्षांत पहिल्यांदा एक गाडी पूर्ण माझी झाली होती.

जुन्या स्प्रिंगा मी कोपऱ्यात टाकल्या. अप्पांनी त्या उचलून गोणपाटात बांधल्या. ही त्यांची जुनी खोड. कुठल्याही गाडीचा काढलेला माल आठ दिवस टाकायचा नाही. गिऱ्हाईक "बरंय" म्हणेपर्यंत तो सांभाळायचा, गावाला गेलं तर बरोबर न्यायचा. दुकानाची मागची खोली त्यामुळे कायम अडगळ. मी त्यावरून त्यांना किती बोलले असेन! "अप्पा, नवा माल घातलाय ना? मग जुन्याचा काय नवस केलाय?" ते म्हणायचे, "असू दे गं. खात न्हाई ते काई."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोन गाड्यांनी उदगीरला गेलो. पुढं डॉक्टर आणि त्यांच्या आई लाल गाडीत. मागं आमच्या जुन्या जीपमध्ये मी, अप्पा आणि मल्लू. डॉक्टरांच्या आईंना सगळे आक्का म्हणायचे. आक्कांना शर्यतीत काडीचा रस नव्हता. त्या आल्या होत्या पाण्यासाठी.

पाण्याचं सांगायचं राहिलं बघा. आणि तेच मुख्य आहे.

डॉक्टर दर गुरुवारी नांदेडला गेले की पुढं अर्धापूरला जाऊन सासऱ्यांच्या केळीच्या बागेतल्या बोअरचं पाणी भरून आणायचे. वीस-वीस लिटरचे पाच कॅन. एकदा अंगणातला पाण्याचा ड्रम कुणीतरी रिकामा केला. सोनं ठेवलेलं कपाट उघडं असतं तरी आक्का एवढ्या भडकल्या नसत्या. तेव्हापासून त्यांनी हुकूम काढला: पाणी डिकीत. कुलूपबंद. लागेल तसा एक कॅन काढायचा, आणि तो घरच्या टँकरच्या वाट्यातून पुन्हा भरून ठेवायचा. डिकी रिकामी राहता कामा नये. त्या उन्हाळ्यात असं अर्ध्या लातुरानं केलं. कुणी तिजोरीशेजारी, कुणी देवघरात, कुणी स्कूटरच्या डिकीत बाटल्या. कुणाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मलाही वाटलं नाही. मी ते कॅन रोज पाहिले. पाना काढताना हातानं बाजूला केले. जाड स्प्रिंगा घातल्या तेव्हा ते तिथंच होते. रेणापूरच्या वळणावर ते माझ्या पाठीशी डुचमळत होते, आणि मी समजत होते की हा आवाज पेट्रोलच्या टाकीचा. शंभर लिटर पाणी. शंभर किलो. टायरवर किती भार येतो हे गणित मी झोपेत करायची, पण पाणी त्या गणितात धरायचं सुचलंच नाही. पाण्याला वजन असतं हे आम्ही त्या वर्षी विसरलो होतो. पाणी म्हणजे असणं नाहीतर नसणं, एवढंच उरलं होतं.

मैदानावर तपासणीच्या माणसानं डिकी उघडायला लावली. "सुटं काही चालणार नाही, सगळं खाली काढा." डॉक्टरांनी पाच कॅन काढून कडेच्या लिंबाखाली ओळीनं ठेवले. आक्कांनी स्टूल मागितलं, कॅनजवळ ठेवलं, आणि मैदानाकडं पाठ करून त्या राखणीला बसल्या. मी तेव्हाही काही बोलले नाही. मी टायरमधली हवा तपासत होते.

मैदानावर पाणी मारलेलं नव्हतं. पुण्याच्या दोन गाड्या रुंद मऊ टायर घालून आल्या होत्या; त्या पहिल्या वळणातच धुळीत दिसेनाशा झाल्या आणि बाहेर आल्या तेव्हा चार-चार शंकू पोटाखाली. मल्लूनं माझ्या पाठीत थाप मारली. "नंदे, जमलं की गं!" मी अप्पांकडं पाहिलं. ते रुमालानं तोंड झाकून उभे होते, नुसते डोळे दिसत होते.

मग डॉक्टर सुटले. पहिलं वळण सुरेख. टायर मुरूम चावत गेले. दुसऱ्या वळणात गाडीची मागची बाजू ताडकन उडाली, एकदा आपटली, पुन्हा उडाली, आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरून उलट तोंडानं थांबली. धूळ खाली बसेपर्यंत सगळं मैदान हसत होतं. कडेला जवळच्या वस्तीतली शंभरेक माणसं बघायला आली होती, तीही हसली. डॉक्टर खाली उतरले. माझ्याकडं न बघता रुमालानं काच पुसू लागले. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

ऊन वाढलं म्हणून बारा ते चार खेळ थांबवला. दुसरी फेरी चारनंतर. मी गाडीभोवती फिरत राहिले. हवा बरोबर, नट घट्ट, शॉकअप बरोबर. मागची बाजू मात्र कुणी शेपटीला धरून उचलल्यासारखी उंच. डोकं चालेना. संताप सगळ्यांवर येत होता. अप्पांवर जास्त, कारण ते 'मग बघू' म्हणाले होते आणि बघायला आले होते. मी लिंबाखाली जाऊन उभी राहिले. आक्का म्हणाल्या, "नंदा, ऊन आलंय बग पाण्यावर. ते कॅन सरकव जरा सावलीत."

मी कॅन उचलला. कंबरेत कळ आली. दुसरा उचलला. तिसरा उचलताना माझे हात तसेच थांबले.

मी मोठ्यानं ओरडले म्हणे. मला आठवत नाही. आक्का सांगतात, "म्हटलं पोरीला विंचू चावला."

मी जीपकडं पळाले. "अप्पा, कॅन! मी सगळं कॅनसकट बसवलं. पाण्यासकट! या स्प्रिंगा पाण्याच्या आहेत, गाडीच्या नाहीत." मला रडू यायच्या बेतात होतं. लातूर पासष्ट किलोमीटर. जुन्या स्प्रिंगा मागच्या खोलीत. अप्पांनी जीपच्या मागून गोणपाट ओढून काढलं आणि माझ्या पायाशी ठेवलं.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं? ठाऊक होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"न्हाई गं. मला बी कॅन दिसले न्हाईत. आपल्या समद्यांचंच डोकं फिरलंय ह्या पाण्यापायी." ते गोणपाटाची गाठ सोडू लागले. "जुना माल संगं घेतला, एवढंच. गिऱ्हाईक कुठं अजून बरंय म्हणलंय?"

मल्लूनं जॅक लावला, मी स्प्रिंगा बदलल्या. मुरूम इतका तापला होता की खाली पोतं अंथरूनही पाठ भाजत होती. अप्पांनी शब्द पाळला, बोट लावलं नाही. पण दोन तास माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. मधेच एक म्हातारी आली, कॅनकडं आणि गाडीकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "बाई, ही पानी आनायची गाडी हाय का?" मला खरंच लाज वाटली. पेट्रोल जाळून गोल गोल फिरायचं, आणि तेही या उन्हाळ्यात. पण हातातला पाना मी खाली ठेवला नाही, हेही खरं. आक्कांनी मात्र एक कॅन उघडला आणि मागेल त्याला पेला पेला दिला. बघायला आलेली माणसं दुसऱ्या फेरीच्या वेळी सगळी लिंबाखाली होती. डॉक्टरांची ती फेरी आम्ही तिघांनीच नीट पाहिली.

एकही शंकू पडला नाही. नंबर आला नाही, पहिल्या फेरीनं तो घालवलाच होता. पण डॉक्टर उतरले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "बरंय, नंदाताई. लई बरंय." लातूरला शिकलेला, नेहमी शुद्ध बोलणारा माणूस त्या दिवशी 'लई' म्हणाला.

परतताना मला धीर निघेना. उदगीर मागं पडलं आणि मी सरळ विचारलं, "अप्पा, मग?"

जीप चालवणाऱ्या मल्लूनं आरसा उगाच नीट केला. अप्पा बाहेर बघत होते. बाहेर बघायला काही नव्हतं, नांगरून ठेवलेली काळी रानं फक्त.

"दुकान मल्लूचं हाय, नंदा. तुझ्या काकाला म्या शब्द दिलता, त्याच्या शेवटच्या दुखण्यात. लई वर्सं झाली."

"मग हे सगळं कशाला केलंत?"

"बघायचं होतं मला," ते म्हणाले.

मी लातूरपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यानंतरही बरेच महिने फारसं बोलले नाही. इतका राग मला कुणाचाच आला नव्हता, नंतरही आला नाही. बघायचं होतं! मी काय गाडी होते? मल्लू बिचारा दोनदा म्हणाला, तू बस गादीवर, मी मागं काम करतो. पण दयेची गादी नको होती मला. पुढच्या दसऱ्याला मी नांदेडला आले. डॉक्टरांच्या सासऱ्यांनी ओळखीनं एक गाळा मिळवून दिला.

उद्घाटनाला अप्पा येतील असं वाटलं नव्हतं. ते एसटीनं आले, एकटे, खांद्यावर गोणपाट. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. गोणपाट काउंटरवर ठेवलं तेव्हा लोखंड वाजलं. मी गाठ सोडली. आत त्याच जाड तारेच्या स्प्रिंगा, सोलापूरच्या, चुकलेल्या. उदगीरचा मुरूम अजून तारेच्या वेटोळ्यात अडकलेला होता.

"हे कशाला आणलंत? चुकीचा माल आहे हा. कुठल्या गाडीला लागणार?"

अप्पांनी माझ्या काउंटरवरून हात फिरवला, गादीकडं बघितलं, पण बसले नाहीत.

"कुठल्याच न्हाई. पर मल्लूजवळ ठिवला असता तर त्यानं भंगारात घातला असता."

चहा घेऊन ते परतीच्या गाडीनं गेले. आता ते नाहीत. स्प्रिंगा काउंटरखाली आहेत. झाडू मारताना दर दोन दिवसांनी सरकवाव्या लागतात. इकडं पुन्हा उदगीरच्या जिल्ह्याची हवा उठलीय, पुन्हा रांगा लागल्यात, मैदान अजून मोकळंच आहे म्हणे.

काल संध्याकाळी मीच डॉक्टरांना फोन लावला. मी म्हणाले, टायरचं नंतर बघू, शनिवारी गाडी घेऊन या. डिकी रिकामी करू नका. आहे तशी आणा.